पिरियापट्टण : कोडगूच्या पायथ्याचे एक सीमानगर

म्हैसूरहून पश्चिमेकडे मडिकेरीला जाणारा रस्ता हुणसूरजवळ लक्ष्मणतीर्थ नदी ओलांडतो, पुढे उंचसखल माळरानातून हळूहळू चढत जातो आणि कावेरीच्या पात्राशी, म्हणजेच म्हैसूर व कोडगू या जिल्ह्यांच्या हद्दीशी पोचण्यापूर्वी पिरियापट्टण या तालुक्याच्या गावातून जातो. गावाच्या पूर्वेला दख्खनच्या पठाराचा मोकळा, नाचणी-ज्वारीचा मुलूख आहे, ज्याला कानडीत ‘मैदान’ म्हणतात, आणि पश्चिमेला सह्याद्रीचा दाट जंगलाचा, भातशेतीचा डोंगरी मुलूख आहे, ज्याला ‘मलेनाड’ हे नाव आहे. मडिकेरीच्या माथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला पिरियापट्टणच्या शिवारात त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा पडतो. या फरकामुळे दोन्हीकडची पिके, घरे, पोशाख आणि देवदेवता तर वेगळ्या झाल्याच, पण राज्य करण्याच्या रीतीही वेगळ्या झाल्या, आणि जिथे या दोन व्यवस्था एकमेकींना भिडत होत्या नेमके तिथेच हे गाव वसले होते.

अशी पायथ्याची नगरे जगाच्या इतर भागांतही आढळतात, आणि त्यांचा सर्वात ठळक नमुना उत्तर आफ्रिकेतील मोरोक्कोत दिसतो. तिथे ॲटलास पर्वताच्या पायथ्याशी पसरलेल्या सुपीक पट्ट्याला ‘दिर’ म्हणतात आणि या पट्ट्यात सेफ्रू, बेनी मेल्लाल, देमनात यांसारखी गावे उभी राहिली, जिथे डोंगरातील बर्बर, म्हणजे अरबांच्या आगमनापूर्वीपासून तिथे राहणाऱ्या टोळ्यांचे लोक आणि सपाटीवरील शेतकरी-व्यापारी बाजाराच्या दिवशी एकत्र येत. मोरोक्कोच्या राजकीय परिभाषेत सुलतानाला कर देणाऱ्या मुलखाला ‘मखझन’चा आणि न देणाऱ्या डोंगरी मुलखाला ‘सिबा’चा मुलूख म्हणत, दिरातली गावे या दोहोंच्या सांध्यावर असल्यामुळे सुलतान बलवान असे तेव्हा त्याची ठाणी बनत आणि तो दुबळा होई तेव्हा टोळ्यांच्या धाकाखाली जात. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून याने तर डोंगर आणि वाळवंट यांतील एकजुटीच्या टोळ्यांनी खाली उतरून सुखासीन राजधान्या जिंकाव्यात, हाच इतिहासाचा क्रम असल्याचे मांडले. त्याच्यासमोर अलमोहादांचे उदाहरण होते, ज्यांनी ॲटलासमधील तिनमेल या खेड्यातून निघून 1147 मध्ये मराकेश जिंकले होते.

कोडगूतील कोडव हे कुळाकुळांनी राहणारे, शस्त्र बाळगणारे आणि ‘नाड’ नावाच्या परगण्यांत विभागलेले लोक पाहता त्यांची तुलना बर्बर टोळ्यांशी करण्याचा मोह होतो. ही तुलना काही अंतरापर्यंत चालते, पण एका महत्त्वाच्या ठिकाणी मोडते: कोडवांनी पठारावरील राजधानी जिंकून तिथे आपले घराणे स्थापल्याचा एकही प्रसंग नाही. इथे चाल नेहमी उलट दिशेने, खालून वर झाली. म्हैसूरच्या फौजा डोंगरात शिरल्या, मार खाऊन परतल्या आणि पुन्हा शिरल्या. ॲटलासच्या टोळ्यांना बर्फाळ हिवाळ्यात खालच्या गवताची आणि धान्याची गरज भासे, तर कोडगूच्या खोऱ्यांत भात मुबलक पिकत असे आणि पावसाळ्यातील चार महिने डोंगर आपोआप बंद होत असे. ज्याला खाली उतरण्याची निकड नाही त्याला राजधानीची हावही फारशी नसते. परिणामी पिरियापट्टणला भीती डोंगरापेक्षा सपाटीकडूनच अधिक राहिली.

या सांध्यावर सर्वात दीर्घकाळ टिकलेले घराणे चंगाळ्वांचे होते. आजचा हुणसूर-पिरियापट्टण भाग आणि कोडगूचा पूर्व पट्टा मिळून ‘चंगनाड’ हा त्यांचा मुलूख होता आणि त्यांचे आरंभीचे शिलालेख अकराव्या शतकातील आहेत. त्या काळी तंजावरच्या चोळांचे सैन्य कावेरीच्या उगमापर्यंत येऊन पोचले होते, आणि डोंगरपायथ्याच्या या लहान सरदारांनी नव्या सार्वभौमाशी जुळवून घेताना त्याचे नावच आपल्या नावापुढे लावण्याची प्रथा स्वीकारली. पनसोगे येथील जैन बसदींचा, म्हणजे जैन मंदिरांचा, आश्रयदाता असलेला चंगाळ्व राजा स्वतःला ‘राजेंद्र चोळ नन्नि चंगाळ्व’ म्हणवीत असे. रोमन साम्राज्याच्या छायेतील बर्बर राजेही रोमन नावे धारण करीत असत, हे लक्षात घेता सीमेवरच्या लहान सत्तेला हा उपाय दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे सुचलेला दिसतो. नाव बदलल्याने सार्वभौमाचा मान राहतो आणि मुलूख आपल्याकडेच राहतो.

चोळ मागे हटल्यावर होयसळ आले, आणि त्यांच्याशी चंगाळ्वांचे पटले नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात होयसळ राजा दुसरा वीर बल्लाळ याने आपला सेनापती बेट्टरस याला चंगाळ्वांवर पाठवले, तेव्हा चंगाळ्व दक्षिण कोडगूतील पालपारे या किल्ल्यात आश्रयाला गेले आणि 1174 च्या सुमारास त्यांच्या बाजूने निरनिराळ्या नाडांतील कोडव होयसळांविरुद्ध लढायला उभे राहिले. या प्रसंगातच पुढच्या सहा शतकांचा साचा दिसतो: पायथ्याचा राजा सपाटीवर हरला की डोंगरात शिरे आणि डोंगरातली माणसे त्याच्यासाठी, किंवा अधिक अचूक सांगायचे तर आपल्या डोंगरासाठी, हत्यार उचलत. चंगाळ्व अखेरीस होयसळांचे आणि नंतर विजयनगरचे मांडलिक झाले. मधल्या काळात त्यांचा धर्मही बदलला. पूर्वी जैन असलेले हे घराणे वीरशैव बनले आणि पिरियापट्टणच्या उत्तरेला असलेल्या बेट्टदपुरच्या उंच डोंगरावरील मल्लिकार्जुन हा त्यांचा कुलदेव झाला.

सोळाव्या शतकाच्या आरंभी नंजराज या चंगाळ्व राजाने कावेरीच्या काठी कोडगूच्या बाजूला नंजराजपट्टण वसवून तिथे राजधानी नेली; राजधानी डोंगराच्या आत आणि ठाणे डोंगराच्या बाहेर, अशी ही विभागणी होती. बाहेरचे ठाणे म्हणजे सिंगपट्टण नावाची मातीच्या तटाची जुनी वस्ती. पुढे पिरियराज या चंगाळ्व राजाने तिचा तट दगडात बांधून काढला आणि तिला आपले नाव दिले, तेच पिरियापट्टण. गावाची रक्षक देवता मसणिकम्मा हिचे स्थान परंपरेनुसार या किल्ल्यापेक्षाही जुने आहे. दगडी तट बांधण्यामागचा हेतू स्पष्ट आहे: 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरचा दरारा संपला होता, प्रत्येक पाळेगार, म्हणजे स्वतःची फौज बाळगणारा स्थानिक सरदार, शेजाऱ्याचा मुलूख चाचपून पाहत होता आणि चंगाळ्वांच्या पूर्वेला म्हैसूरचे वोडेयार हे असेच एक पाळेगार घराणे झपाट्याने मोठे होत होते. राजा वोडेयार याने 1610 मध्ये श्रीरंगपट्टण घेतले तेव्हाच पिरियापट्टणच्या भवितव्याचा निकाल एका अर्थी लागला होता.

तो अमलात आणला कंठीरव नरसराज याने. 1638 मध्ये तो गादीवर आला आणि लगेचच विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान श्रीरंगपट्टणवर चालून आला. मराठी वाचकाला हा सरदार परिचित आहे, कारण शहाजीराजे भोसले कर्नाटकात उतरले ते त्याच्याच मोहिमांमध्ये. कंठीरवाने 1639 च्या आरंभी हा वेढा परतवला, पण उत्तरेकडे विजापूरकरांची ठाणी बसल्यामुळे त्या दिशेने राज्य वाढवण्याचा मार्ग त्याला मोकळा राहिला नाही. पश्चिमेची चंगाळ्वांची सीमा मात्र दुबळी होती. आदिलशाहीचा दाब उत्तरेकडून नसता तर म्हैसूरची नजर इतक्या लवकर डोंगराकडे वळली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे; घटनाक्रम तरी असे सुचवतो की तुंगभद्रेपलीकडच्या राजकारणाची किंमत कावेरीच्या उगमाकडील एका लहान घराण्याने मोजली.

1644 च्या सुमारास म्हैसूरच्या सैन्याने पिरियापट्टणला वेढा घातला. किल्ला टिकण्याची आशा संपली तेव्हा वीरराज या चंगाळ्व राजपुरुषाने आपल्या बायकामुलांना स्वतःच्या हाताने ठार केले आणि तो लढत मरण पावला, अशी परंपरा आहे. राजस्थानातील जोहाराच्या कथांप्रमाणेच ही कथाही पराभवाला तेज चढवते. परंतु ज्यांच्या मृत्यूमुळे ती तेजस्वी ठरते त्या स्त्रियांचे मत तिच्यात कुठेही नोंदलेले नाही, हे वाचकाने विसरू नये. राजकीय परिणाम मात्र निर्विवाद आहे. चंगाळ्वांचे राज्य संपले, सपाटीवरचा भाग म्हैसूरला मिळाला आणि डोंगरातला भाग हालेरीच्या राजांकडे गेला, जे मूळचे कोडव नसून बाहेरून आलेल्या लिंगायत घराण्यातील होते. अशा रीतीने पायथा आणि डोंगर प्रथमच दोन वेगळ्या सत्तांखाली आले. जे गाव आजवर एका लहान राज्याचे पुढचे दार होते, ते आता मोठ्या राज्याची मागची चौकी बनले.

पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत या चौकीचे काम मुख्यतः डोंगराच्या वाटेवर नजर ठेवण्याचे होते. हैदर अलीने 1773 मध्ये कोडगू जिंकून घेतल्यावर ते बदलले. 1780 मध्ये तिथला हालेरी राजा लिंगराज वारला तेव्हा हैदरने त्याच्या अल्पवयीन मुलांचा सांभाळ करण्याच्या नावाखाली त्यांना गोरूरच्या किल्ल्यात ठेवले, आणि पुढे टिपूने त्या कुटुंबाला पिरियापट्टणच्या किल्ल्यात हलवले. डोंगराच्या राजाला त्याच्याच डोंगराच्या नजरेच्या टप्प्यात कैदेत ठेवण्याचा हा निर्णय शहाणपणाचा नव्हता. 1788 च्या डिसेंबरमध्ये लिंगराजाचा मुलगा दोड्ड वीरराज काही कोडवांच्या मदतीने किल्ल्यातून निसटला आणि एका रात्रीच्या वाटचालीवर असलेल्या जंगलात पोचताच त्याला माणसे मिळत गेली, कारण टिपूने 1785 मध्ये बंडाची शिक्षा म्हणून कोडव कुटुंबे मोठ्या संख्येने पकडून श्रीरंगपट्टणला नेली होती आणि त्या घटनेचा राग घरोघर होता. वीरराजाने दोन वर्षांत टिपूची बहुतेक ठाणी उठवली आणि 1790 च्या ऑक्टोबरात ईस्ट इंडिया कंपनीशी करार करून मलबारच्या किनाऱ्यावरून पठारावर येणारी वाट तिच्या मुंबईच्या फौजेला खुली करून दिली.

या एका वाटेमुळे पिरियापट्टण मराठ्यांच्या इतिहासातही डोकावते. 1790 मध्ये पेशवे, निजाम आणि कंपनी यांची टिपूविरुद्ध युती झाली होती. 1791 च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस पूर्वेकडून श्रीरंगपट्टणजवळ आला, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन उत्तरेकडून येत होते आणि जनरल ॲबरक्रॉम्बी मुंबईची फौज घेऊन कण्णूरहून कोडगूमार्गे पिरियापट्टणला उतरला होता. ॲबरक्रॉम्बी येणार हे कळताच टिपूने पिरियापट्टणची घरे जाळण्याचा आणि तट उडवून देण्याचा हुकूम दिला, जेणेकरून शत्रूला निवारा आणि दाणागोटा मिळू नये. चंगाळ्वांचा दगडी तट शत्रूने पाडला नाही, तर ज्याच्या ताब्यात होता त्यानेच पाडला.

कॉर्नवॉलिसने 15 मे रोजी अरिकेरेची लढाई जिंकली खरी, पण वळवाचा पाऊस, मेलेले बैल आणि संपलेला शिधा यांमुळे त्याला वेढ्याच्या जड तोफा स्वतःच नष्ट कराव्या लागल्या, आणि त्याने ॲबरक्रॉम्बीलाही परत फिरण्याचा आदेश पाठवला. मुंबईची फौज पिरियापट्टणहून भर पावसात घाटाकडे मागे हटू लागली. त्यानंतर काही दिवसांतच, 26 मे रोजी, माघारी निघालेल्या इंग्रज सैन्याला मेलुकोटेच्या परिसरात मराठ्यांचे घोडदळ अकस्मात दिसले. मराठे जवळ आल्याची बातमी घेऊन निघालेले जासूद टिपूच्या स्वारांनी वाटेतच अडवले होते, म्हणून कॉर्नवॉलिसला ती कळलीच नव्हती. मराठ्यांच्या लष्करी बाजारातील भरपूर धान्याने इंग्रजांचा जीव वाचला, भाव मात्र चढे लागले. हे मीलन आठवडाभर आधी झाले असते तर तोफा वाचल्या असत्या, पिरियापट्टणची फौज थांबली असती आणि कदाचित 1791 सालीच युद्ध संपले असते. 1792 च्या फेब्रुवारीत ॲबरक्रॉम्बी पुन्हा त्याच वाटेने आला आणि या वेळी श्रीरंगपट्टणला पोचलाही.

तहाच्या वाटाघाटींत तंटा झाला तो याच सीमेवरून. टिपूने निम्मे राज्य आणि दोन मुलगे ओलीस देण्याचे मान्य केले होते, परंतु कंपनीने कोडगू मागितले तेव्हा तो संतापला, कारण कोडगू तिन्ही मित्रांपैकी कोणाच्याही मुलखाला खेटून नव्हते आणि ते देणे म्हणजे राजधानीच्या दाराशी शत्रूला जागा देणे होते. त्याचा आक्षेप लष्करी दृष्ट्या अचूक होता. तरीही 18 मार्च 1792 च्या तहाने कोडगू त्याच्या हातून गेले आणि उद्ध्वस्त पिरियापट्टण म्हैसूरचे अखेरचे गाव बनले.

सात वर्षांनी टिपूचा अंदाज खरा ठरला. 1799 च्या चौथ्या युद्धात जनरल स्टुअर्टची सहा हजारांवर असलेली मुंबईची फौज पुन्हा कण्णूरहून कोडगूत आली आणि कर्नल माँट्रेसॉरच्या हाताखालील तीन देशी पलटणी पुढे सिद्देश्वर या सरहद्दीवरील टेकडीजवळ ठेवण्यात आल्या. इंग्रजी कागदांत या जागेचे नाव ‘सीदासीर’ असे आढळते. 5 मार्च रोजी टेकडीवरून पिरियापट्टणच्या आसमंतात तंबूंची मोठी छावणी पसरलेली दिसली आणि त्यात एक मोठा हिरवा तंबू होता, त्यावरून स्वतः सुलतान आल्याची शंका घेतली गेली. ती बरोबर होती. मद्रासहून येणाऱ्या मुख्य फौजेला तोंड देण्याआधी दुबळ्या बाजूची फौज मोडून काढावी, हा टिपूचा बेत उत्तम होता. 6 मार्चच्या सकाळी त्याने दाट झाडीतून माँट्रेसॉरच्या पलटणींना पुढून आणि मागून एकाच वेळी घेरले. त्या सुमारे सहा तास तग धरून राहिल्या. दुपारी स्टुअर्ट गोऱ्या पलटणी घेऊन आला, तेव्हा म्हैसूरचे सैन्य मागे हटले. कंपनीची हानी 143 माणसांची, म्हणजे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून, होती, तर टिपूचा नामांकित सरदार मुहम्मद रझा, ज्याला ‘बेंकी नवाब’ म्हणत, या लढाईत पडला. टिपू 11 मार्चपर्यंत पिरियापट्टणलाच थांबला आणि मग दुसरा हल्ला न करता पूर्वेकडे वळला. 4 मे रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि तोही पडला.

या युद्धात पुण्याच्या दरबाराने भाग घेतला नाही, असे मराठी इतिहासग्रंथ सांगतात आणि ते खरेही आहे. पण दरबार तटस्थ असला म्हणून मराठी मुलूख तटस्थ होता असे होत नाही. मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींत त्या काळी कोकणातील शिपायांचा, मराठ्यांचा आणि महारांचा, मोठा भरणा असे, आणि माँट्रेसॉरच्या हाताखालील पलटणींपैकी दोन पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत समाविष्ट झाल्या. त्या रेजिमेंटला मिळालेल्या युद्धसन्मानांत ‘सीदासीर’ हे नाव आहे. राज्यांच्या इतिहासात जी लढाई मराठ्यांची नाही, ती शिपायांच्या इतिहासात मराठ्यांचीही आहे, आणि आपल्याकडे पहिल्या प्रकारचा इतिहास दुसऱ्यापेक्षा फार अधिक लिहिला गेला आहे.

1800 साली फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनीचा डॉक्टर म्हैसूरच्या शेती-उद्योगांची पाहणी करीत पिरियापट्टणला आला, तेव्हा किल्ल्याच्या अवशेषांवर वाघांनी ताबा घेतला होता, चुकून आत गेलेला एक घोडा त्यांनी मारला होता आणि भर दुपारीही एकट्याने आत जाणे धोक्याचे समजले जात होते. गाव पुन्हा वसले, पण त्याचे जुने महत्त्व परतले नाही, आणि त्याचे कारण वाघ नव्हते. 1831 मध्ये म्हैसूरचा कारभार कंपनीने आपल्या हाती घेतला आणि 1834 मध्ये चिक्क वीरराजाला पदच्युत करून कोडगूही खालसा केले. डोंगर आणि सपाटी एकाच सत्तेखाली आल्यावर त्यांच्या मधल्या किल्ल्याला करण्यासारखे काही उरले नाही. लक्ष्मणतीर्थाकाठचे हुणसूर मात्र वाढले. म्हैसूर सरकारच्या ‘अमृतमहाल’ या पशुपैदास खात्याची गुरे आणि लष्करी पुरवठ्याचे कारखाने तिथे असल्यामुळे ते कामाचे गाव ठरले, आणि कधीकाळी राजाचे ठाणे असलेले पिरियापट्टण विसाव्या शतकाच्या आरंभी हुणसूर तालुक्याचा एक पोटतालुका म्हणून नोंदले गेले.

आज पिरियापट्टण पुन्हा स्वतंत्र तालुका आहे आणि त्याची ओळख सिगारेटच्या तंबाखूसाठी आहे. तंबाखू मंडळाच्या देखरेखीखाली इथे दरवर्षी लिलाव भरतात. याच तालुक्यात कावेरीजवळ बैलकुप्पे येथे तत्कालीन म्हैसूर राज्याने सुमारे तीन हजार एकर जंगलजमीन दिल्यानंतर 1960-61 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली, 1969 मध्ये तिच्या शेजारी दुसरी वसाहत झाली आणि ल्हासाजवळील सेरा या मोठ्या मठाची नवी स्थापनाही इथेच झाली. मडिकेरीला जाणारे हजारो पर्यटक बैलकुप्पेचा सुवर्णमठ पाहायला थांबतात. त्याच रस्त्यावरील चंगाळ्वांच्या किल्ल्यासाठी थांबणारे फारच थोडे असतात, आणि सिद्देश्वरची टेकडी शोधणारे त्याहूनही थोडे.